पायाआधीचा चर

आयर्लंडच्या खेड्यात स्वतःच्या शेतात घर बांधायला निघालेल्या माणसाच्या हाती बांधकाम परवानगीचा कागद पडतो, तेव्हा त्यातल्या अटींमध्ये कधी कधी अशीही एक अट असते: काम सुरू करण्याआधी परवानाधारक पुरातत्त्वज्ञाकडून जागेवर चाचणी चर खणून घ्यावेत, अहवाल सादर करावा आणि त्यावर उत्तर येईपर्यंत पायाला हात लावू नये. कारण असतं शेजारच्या शेतात. तिथे एखादं पडकं चर्च असतं, त्याभोवती जुनी दफनभूमी असते आणि सरकारी नकाशावर त्या सगळ्याला कवेत घेणारी एक रेघ असते. सहाव्या-सातव्या शतकात तिथे मठ होता. नवं घर त्या रेघेच्या आत तरी येतं किंवा तिला खेटून तरी.

या अटीचा राग येणं स्वाभाविक आहे. जमीन वाडवडिलांची, कर्ज मंजूर झालेलं, गवंडी ठरलेला आणि कुटुंब भाड्याच्या घरात दिवस मोजतंय. अशा वेळी आपल्याच पैशानं आपल्याच शेतात चर खणायचे, आणि तेही बहुतेक वेळा रिकामेच निघायचे. आयर्लंडमध्ये होणाऱ्या उत्खननांचे गोषवारे 1970 पासून वर्षवार प्रसिद्ध होत आले आहेत. ते चाळले तर चाचणी चरांच्या पुष्कळ नोंदी दोन-चार ओळींतच संपतात: इतके चर, इतकी खोली, पुरातत्त्वीय महत्त्वाचं काही मिळालं नाही. मग हा खटाटोप कशासाठी, असं त्या कुटुंबानं विचारलं तर त्याला नीट उत्तर मिळायला हवं. नियमावर बोट ठेवून भागणार नाही.

माझं उत्तर असं की चर खणलाच पाहिजे, आणि रिकामा निघाला तरी तो वाया गेला असं समजता कामा नये. पण त्याचं बिल त्या कुटुंबाच्या नावावर फाडणं मला पटत नाही.

मुळात मठ कशाला म्हणायचं, इथून सुरुवात करावी लागेल. मठ म्हटलं की जगापासून दूर गेलेले विरक्त साधू डोळ्यांपुढे येतात, आणि अटलांटिकमधल्या स्केलिग मायकलच्या उभ्या कड्यावरच्या दगडी खोपट्या पाहिल्या की ते चित्र पक्कं होतं. आयर्लंडच्या मोठ्या मठांना मात्र ते लागू पडत नाही. रोमन सत्ता या बेटावर कधी आली नाही, त्यामुळे रोमन शहरंही इथे झाली नाहीत. व्हायकिंगांनी नवव्या-दहाव्या शतकांत डब्लिन, वॉटरफर्ड अशी बंदरं वसवली. तोवर दाट वस्ती म्हणावी अशी जागा मठाभोवतीच असायची. मठाची जमीन कसणारी कुळं लग्न झालेली, मुलाबाळांची माणसं होती. लोहार होते, हस्तलिखितांसाठी वासराची कातडी कमावणारे होते, यात्रेकरू येत, गुन्हा करून पळालेले आश्रयाला येत. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास संकलित झालेल्या आयरिश धर्मनियमांच्या एका संग्रहात पवित्र जागेचे टप्पे सांगितले आहेत. अगदी आत फक्त धर्मगुरू, मधल्या भागात साधेसरळ शेतकरी, आणि सर्वांत बाहेरच्या भागात ज्यांच्या हातून मोठी पापं घडली आहेत तेसुद्धा. आजच्या घरासाठी अर्ज येतो तो बहुधा या बाहेरच्या भागात.

आणि आपल्याला सर्वांत कमी माहिती आहे तीही याच भागाची. ऑफली काउंटीत शॅनन नदीकाठी, सहाव्या शतकाच्या मध्याला संत कीरननं स्थापन केलेल्या क्लॉनमॅकनॉइजला आज गेलं तर दगडी चर्चं, दोन गोल मनोरे आणि कोरीव उंच क्रूस दिसतात. जुन्या इतिवृत्तांत 1179 साली तिथली 105 घरं जळाल्याची नोंद आहे. त्यांतलं एकही घर दिसत नाही, कारण ती लाकडाची आणि कुडाची होती. मठाच्या भिंतीबाहेर विसाव्या शतकात नवी दफनभूमी झाली. 1990च्या दशकात पुरातत्त्वज्ञ हेदर किंग यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा मातीतून घरांच्या खुणा, फरसबंद रस्ता, धातुकामाचे आणि शिंगं कोरण्याच्या कामाचे अवशेष निघाले. जवळच नदीच्या तळाशी ओकच्या खांबांवर उभ्या राहिलेल्या पुलाचे अवशेष मिळाले, आणि लाकडातल्या वाढवलयांवरून तो 804 साली बांधल्याचं ठरलं. नदी ओलांडणारा मोठा पूल, रस्ता, कारागिरांची वस्ती हे सगळं भिंतीच्या बाहेरचं. आतली चर्चं आणि मनोरे मठाधिपतींच्या आणि राजांच्या दानाची कहाणी सांगतात. ज्यांच्या कष्टावर तो मठ चालला त्यांची कहाणी बाहेरच्या कुरणाखाली आहे, आणि कुरणच घर बांधायला सोयीचं पडतं.

हा बाहेरचा भाग संपतो कुठे? मठांच्या आवाराला वर्तुळाकार किंवा लंबवर्तुळाकार खंदक आणि मातीचा बांध असे, काही ठिकाणी एकाबाहेर एक असे दोन-तीन. पुरातत्त्वज्ञ लिओ स्वान यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांतून अशी अनेक आवारं ओळखली. केल्स आणि आर्मा या गावांचे काही रस्ते अजूनही त्या जुन्या आवाराच्या वळणानं जातात. पण गावं वाढली नाहीत तिथे बांध नांगरटीत सपाट झाले, खंदक बुजले. नकाशावरची रेघ जाणकारानं बांधलेला अंदाज आहे. ती दिसणाऱ्या अवशेषांभोवती मारलेली असते, आणि दिसत नाही ते तिच्या आत आहे की बाहेर, हे खणल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक शंका येईल. दख्खनमधल्या कुठल्याही पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर चालत गेलं तर पायाखाली खापरं येतात, आणि त्यांच्या रंगावरून, घडणीवरून जाणकार काळ सांगतो. मग आयर्लंडमध्ये नुसतं शेत फिरून पाहायला काय हरकत आहे? अडचण अशी की त्या काळात ईशान्येकडचा भाग सोडला तर बेटाच्या बहुतेक भागांत मातीची भांडी घडवलीच जात नव्हती. लाकडाची, कातड्याची, लोखंडाची भांडी वापरात होती. हजार माणसांची वस्ती शतकानुशतकं नांदली तरी नांगरलेल्या शेतात वर काहीच दिसणार नाही, असं तिथे सहज घडतं. जमिनीतल्या चुंबकीय फरकांचं मोजमाप करणारी यंत्रं आहेत, त्यांचा उपयोगही होतो. मोठे खंदक आणि भट्ट्या त्यांना बऱ्या दिसतात, पण लहान खड्डे आणि साध्या कबरी पुष्कळदा निसटतात. शेवटी माती उघडूनच पाहावी लागते.

ती उघडायची रीत साधी आहे, पण तिच्यात हयगय चालत नाही. आधी कामाची पद्धत लिहून देऊन परवाना काढावा लागतो, कारण 1930च्या राष्ट्रीय स्मारक कायद्यापासून आयर्लंडमध्ये पुरातत्त्वीय उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही. मग जेसीबी येतो. त्याची दातांची बकेट काढून रुंद, सपाट धारेची बकेट लावतात. दातांनी माती ओरबाडली जाते आणि ओरबाडलेल्या पृष्ठावर रंगातला फरक वाचता येत नाही. घराच्या पायाची जागा, सेप्टिक टँक, सांडपाणी मुरवण्याचा पट्टा, गाडीची वाट, जिथे जिथे जमीन उकरली जाणार तिथे चर आखतात. यंत्र थोडी थोडी माती खरवडत मागे सरकतं, आणि पुरातत्त्वज्ञ समोर उभा राहून प्रत्येक थर पाहतो. गवत, नांगरटीची माती, आणि मग बऱ्याच ठिकाणी हिमयुगात साचलेली पिवळट, दगडगोट्यांची चिकणमाती. माणसाचा हात लागला नसेल तर ती एकसारखी दिसते. कुणी तिच्यात कधी खंदक खणला असेल आणि तो राखेनं, हाडांनी, शेणामातीनं भरत गेला असेल तर पिवळ्यात काळपट पट्टा उमटतो. तिथे यंत्र थांबतं. करणीनं पृष्ठ साफ करायचं, पट्ट्याची रुंदी मोजायची, नकाशावर घ्यायचं, गुरांची हाडं, कोळसा, लोखंडाची मळी असं काही असेल तर नोंदवायचं. कोळशाच्या एका तुकड्यावरून रेडिओकार्बन पद्धतीनं शतक ठरू शकतं.

या कामात यंत्र चालवणाऱ्याची नजरही मोलाची असते. 2006 साली टिपररी काउंटीत फॅडन मोअरच्या दलदलीत कुजकट माती उपसताना एका चालकाला बकेटखाली काहीतरी वेगळं दिसलं. ते इसवी सन 800च्या आसपासचं, कातडी वेष्टनातलं स्तोत्रांचं हस्तलिखित होतं. ओलाव्यात टिकलेली वस्तू उघड्यावर वाळली तर संपते हे ओळखून ते तिथल्याच ओल्या मातीनं झाकून ठेवलं गेलं, म्हणून ते राष्ट्रीय संग्रहालयापर्यंत पोचलं. तिथे चाचणी चर नव्हता, कुणी पुरातत्त्वज्ञ उभा नव्हता. ते वाचलं ते माणसांच्या भल्या समजुतीमुळे. प्रत्येक शेतात अशी समजूत हजर असेल, या भरवशावर कुठल्याही देशाला आपला भूतकाळ सोडता येणार नाही.

काळा पट्टा सापडला म्हणजे घर गेलं, अशी भीती लोकांना वाटते. ती बहुतेक वेळा खरी ठरत नाही. आयर्लंड सरकारनं 1999 साली जाहीर केलेल्या धोरणात पहिली पसंती अवशेष जागच्या जागी राखण्याला आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की घर काही मीटर सरकवायचं, सेप्टिक टँक दुसऱ्या बाजूला न्यायचा, पाया उथळ घ्यायचा आणि खंदक पुन्हा झाकून टाकायचा. सरकवायला जागाच नसेल तर पूर्ण उत्खनन करून नोंदीच्या रूपानं ते जपायचं. चर आधी खणले तर हे बदल कागदावर होतात. पाया खणताना कबर लागली तर मात्र काम थांबतं, ठेकेदाराचे दिवस मोजले जातात आणि घरमालक खरोखर नडतो. म्हणजे चर घरमालकाच्याही हिताचा आहे, फक्त तो वेळेवर खणला गेला पाहिजे. परवानगी मिळाल्यावरची अट म्हणून तो येतो, तेव्हा नकाशे आणि कर्ज दोन्ही पक्के झालेले असतात. सांडपाणी मुरतं की नाही हे पाहायला अर्जाआधीच एक खड्डा घेतला जातो. त्याच सुमारास हे चरही खणले गेले तर निम्मा त्रास वाचेल.

विरोधकांचा एक मुद्दा खरा आहे. चर जागेच्या लहानशा भागातच जातात. दोन चरांमधल्या पट्टीत एखादी कबर सहज राहून जाऊ शकते, आणि काही मिळालं नाही हे वाक्य फक्त उघडलेल्या मातीपुरतंच खरं असतं. म्हणूनच चर रिकामे निघाल्यावरही पाया खणताना देखरेखीची अट घालतात. पण या मर्यादेमुळे रिकाम्या चराचं मोल कमी होत नाही. एका मठाभोवती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या घरांसाठी खणलेले चर एकाच नकाशावर आणा. पूर्वेला तीन रिकामे, दक्षिणेच्या एका चरात खंदक, त्याच्या पलीकडचे पुन्हा रिकामे. एवढ्यावर आवाराची कड हाती येते. कुठल्याही विद्यापीठाला मठाभोवतीच्या शंभर एकरांत अशी चाचणी घ्यायला पैसा मिळाला नसता. ती कड घरं बांधणाऱ्यांनी तुकड्यातुकड्यानं शोधून दिली आहे. ज्याच्या चरात काही निघालं नाही त्याचा वाटा यात खंदकवाल्याइतकाच आहे, कारण वस्ती कुठवर होती हे सांगायला ती कुठे नव्हती हेही लागतं. या नोंदी सार्वजनिक असतात, कुणालाही वाचता येतात. आयर्लंडच्या या व्यवस्थेतली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

ही व्यवस्था सरकारनं आपणहून उदार होऊन दिलेली नाही, तिच्यामागे भांडणं आहेत. डब्लिनच्या वुड की इथे नदीकाठी व्हायकिंग काळातल्या शहराची घरं, रस्ते, कुडाची कुंपणं निघाली होती आणि महापालिकेला तिथे कचेऱ्या बांधायच्या होत्या. 1978च्या सप्टेंबरमध्ये सुमारे वीस हजार लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. कचेऱ्या तरीही झाल्या. पण जमीन खणण्याआधी तिच्यात काय आहे ते पाहायला हवं, ही गोष्ट लोकांच्या मनात बसली ती तेव्हा. 1980 साली टिपररीतल्या डेरिनाफ्लान या जुन्या मठाच्या जागी धातुशोधक यंत्र घेऊन गेलेल्या बापलेकांना चांदीचा पूजापात्र-संच सापडला. मालकी कुणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1987च्या निकालात न्यायालयानं असा ठेवा राज्याचा आहे असं ठरवलं, आणि 1994च्या दुरुस्तीनं मालक माहीत नसलेल्या पुरातन वस्तूंवरची राज्याची मालकी कायद्यात लिहिली गेली.

माझा मूळ आक्षेप याच निकालाशी येऊन जुळतो. घरमालकाच्या जमिनीत सापडणारी वस्तू राज्याची. मिळणारं ज्ञान सगळ्यांचं. मग ते मिळवण्याचा खर्च त्याच्या एकट्याचा का? 1999च्या धोरणात खर्च बांधकाम करणाऱ्यानं सोसावा असं तत्त्व आहे. जमिनीला हात लावणाऱ्यानं परिणामाची किंमत द्यावी हा विचार रास्त आहे, आणि दीडशे घरांची वसाहत उभारून नफा घेणाऱ्या बिल्डरला तो पूर्णपणे लागू आहे. राहण्यापुरतं एक घर बांधणाऱ्याला तोच नियम लावताना मात्र आपण विसरतो की त्याच्या शेजारी शेताचा निचरा करायला चर मारणारा, खोल नांगरणारा शेतकरी बहुतेक वेळा बांधकाम परवानगीच्या कक्षेतच येत नाही, आणि जमिनीखालच्या खुणा नांगरानं घराइतक्याच पुसल्या आहेत. वेस्टमीथ काउंटीत क्लॉनफॅड इथे एका प्राचीन मठाच्या आवारात लोहारकामाची मोठी जागा निघाली. लोखंडी घंटांवर ब्रॉन्झचा थर चढवण्याची कारागिरी तिथे चालत असे, आणि या घंटा कशा घडत याचा पुरावा मातीतूनच हाती आला. तो निघाला महामार्गाच्या कामामुळे आणि खर्च जनतेच्या पैशातून झाला. तसलीच माहिती एखाद्या कुटुंबाच्या सेप्टिक टँकखाली निघाली तर तिचं बिल कुटुंबाला जातं. हा भेद मला कुठल्याच तत्त्वात बसवता येत नाही.

शिवाय याचा परिणाम उलटा होतो. ज्याला चर म्हणजे दंड वाटतो तो काळी माती दिसली तर सांगणार नाही, मुकाट्यानं काँक्रीट ओतेल. 2023 साली आयर्लंडनं जुने स्मारक कायदे बदलून नवा वारसा कायदा केला, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. कायद्याची भाषा कितीही कडक केली तरी शेतात सांगणारा माणूस लागतोच. 2000च्या नियोजन कायद्यानुसार स्थानिक संस्था बांधकाम परवानगीबरोबर विकासाचं अंशदान घेतात, ते रस्ते-पाणी अशा सोयींसाठी असतं. स्वतःच्या राहत्या एका घरासाठीचे चर त्यातून किंवा थेट सरकारी तिजोरीतून खणले जावेत, एवढीच माझी मागणी आहे.

हे वाचून आपल्याकडे वळल्याशिवाय राहवत नाही, कारण आपण याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं आहे. 2010च्या दुरुस्तीपासून केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये नियंत्रण, असा आपला कायदा आहे. त्याची सगळी भिस्त अंतरावर आहे. 90 मीटरवरच्या माणसाला त्याच्या जागेखाली काही नसलं तरी नवं घर बांधता येत नाही. 310 मीटरवरचा माणूस मात्र खाली अख्खी वस्ती असली तरी पुरातत्त्व खात्याला न विचारता पाया खणतो. दोन्हीकडे जमिनीत काय आहे हे कुणी पाहत नाही. सोपाऱ्याचंच उदाहरण घ्या. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतल्या शिलालेखांत सोपारा आणि कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. म्हणजे त्या विहारांना पोसणारी माणसं या बंदरांत राहत होती. सोपाऱ्याचा स्तूप 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उघडला, त्यातून करंडक आणि बुद्धमूर्ती निघाल्या, अशोकाच्या लेखाचा तुकडाही त्याच गावात मिळाला. स्तूपाभोवती आपण अंतर मोजलं. त्या दात्यांची घरं, गोद्या, रस्ते जिथे असतील त्या आजच्या नालासोपाऱ्यात इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या, आणि तिथे पायाआधी चर खणल्याच्या नोंदींची एखादी ओळखीची मालिका आपल्याजवळ नाही. गावोगावच्या पांढरीची माती तर खत म्हणून शेतात गेली आणि घरांच्या भिंतींत गेली.

आयर्लंडची नक्कल करा असं मी म्हणत नाही. आपली घनता वेगळी, पुरातत्त्वज्ञांची संख्या अपुरी, आणि प्रत्येक अटीत अडवणुकीची नवी जागा शोधली जाते हा अनुभवही खरा आहे. पण सोपारा, कल्याण, जुन्नर, तेर अशा मोजक्या जुन्या गावांच्या जुन्या भागापुरतं तरी हे आज करता येईल. मोठ्या इमारतीच्या पायासाठी जमिनीची चाचणी घ्यावीच लागते, तेव्हाच दोन चर पुरातत्त्वज्ञाच्या नजरेखाली उघडावेत. दोन दिवसांत नोंद व्हावी, आठवड्याभरात लेखी उत्तर मिळावं, आणि मुदतीत उत्तर आलं नाही तर ते होकारार्थी धरावं. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, डेक्कन कॉलेज आणि विद्यापीठांतल्या विभागांकडून तरुण पुरातत्त्वज्ञ या कामाला मिळू शकतील. खर्च महापालिका आणि नगरपरिषदा परवानगी देताना आकारतात त्या विकास शुल्कातून व्हावा, आणि प्रत्येक चराची नोंद, रिकाम्या चराचीसुद्धा, मराठीत सर्वांना वाचता येईल अशी प्रसिद्ध व्हावी.